तळपायाचा डोळा

नंदुरबारला मिरचीच्या पथारींवरून वारा सुटला
की सुपडूकाकांच्या ओसरीवर येणारा जो तो
डोळे पुसतच यायचा.
कोण रडतंय आणि कोणाला नुसता खकाणा लागलाय
हे काकांना कळायचं. मला नाही.
मी चौदा वर्षांचा, दौतीशेजारी बसलेला.

पोथी भृगूची. लाल फडक्यात बांधलेली.
पान सोडण्याआधी काका प्रत्येकाला गोष्ट सांगायचे,
सुरतेची गाडी गाठायची असेल त्यालासुद्धा.

भृगू निघाला देवांची परीक्षा घ्यायला.
ब्रह्मदेवाला नमस्कार केला नाही, तो संतापला.
शंकर मिठी मारायला उठला,
त्याला म्हणाला, लांब, राख लागेल.
तो त्रिशूळ शोधायला लागला.
विष्णू झोपलेला. त्याच्या छातीवर सरळ लाथ.
विष्णू जागा झाला, ऋषीचा पाय मांडीवर घेतला,
म्हणाला, लागलं तर नाही ना?

इथे काका तंबाखू मळायचे.
मग आवाज उतरवून:
ऋषीच्या तळपायाला डोळा होता, बरं का.
पाय चेपता चेपता देवानं
अंगठ्यानं तो हळूच मिटवला.
कायमचा.

लक्ष्मी मात्र रुसली ती रुसली.
तुझ्या कुळाच्या उंबऱ्यात पाऊल टाकणार नाही, म्हणाली.
म्हणून तर त्यानं जन्मतील तेवढ्यांची पानं लिहिली,
पोरांनी वाचावीत, पोट भरावं.
"एक डोळा गेल्यावर लिहिलंय त्यानं,"
काका म्हणायचे, "आपण जपून वाचावं."

जपून काय वाचणार?
निम्मी पोथी वाळवीनं आधीच वाचली होती.
गठ्ठा सोडला की भुगा पडायचा,
कोणाचं लग्न, कोणाची परदेशवारी, कोणाचं मरण,
सगळं एका फुंकरीत.
हरवलेली पानं मी लिहायचो.
जुना कागद चहाच्या पाण्यात बुडवून,
वर श्लोक, खाली अर्थ,
काका सांगतील तसा.

झेलाबाई आली तेव्हा काका आंघोळीला होते.
दिवसभर पथारीवर देठ खुडून आलेली.
टाचांच्या भेगांत मिरचीचं बी अडकलेलं,
एकेका भेगेत एकेक, पिवळं,
उघड्या डोळ्यासारखं.
मी विचारून गेलो, आग होते का?
ती हसली. "पायनं काय इचारस, भाऊ?
मना आंडोर कवय येई, ते सांग."

आंडोर सुरतेला, मागावर. दोन वर्षं चिठ्ठी नाही.
मी गठ्ठा सोडला. तिचं पान नव्हतंच.
काकांना न विचारता लिहिलेलं ते पहिलं:
गुरू पालटला की येईल.
गुरू कधी पालटतो ते मला ठाऊक नव्हतं.
तिलाही नव्हतं.
तिनं पदराच्या गाठीतून मूठभर मिरच्या ठेवल्या
आणि गेली, ओटा उतरताना
पाय जरासा उचलून धरत.

तो आला की नाही, सांगता येत नाही.
पुढच्या हंगामात ती दुसऱ्याच कोणाच्या पथारीवर होती,
मी दुरून पाहिली, ओळख दिली नाही.

काका स्वतःचं पान आयुष्यभर शोधत होते.
आधीची दोन भावंडं गेलेली,
म्हणून यांना जन्मल्या जन्मल्या सुपात घालून लोटलेलं.
नशिबाला हुलकावणी दिलेल्याचं पान
नशिबाच्या पोथीत कसं असणार?
तरी श्रावणात दर सोमवारी एक गठ्ठा सोडायचे.

त्या वर्षी मी ते लिहिलं आणि मधल्या गठ्ठ्यात सरकवलं.
फार काही नाही.
हा जातक सुपात निजेल.
लक्ष्मी याच्या दारावरून जाईल, थांबणार नाही.
म्हातारपणी याचे पाय दुखणार नाहीत.

तिसऱ्या सोमवारी त्यांना सापडलं.
मी दौतीत पाणी घालत होतो, वर पाहिलं नाही.
अक्षर माझं, चहाचा वास अजून ओला.
त्यांनी सावकाश वाचलं, शेवटापर्यंत,
ओठ हलवत, परक्याचं वाचावं तसं.
मग माझ्याकडे हात पुढे केला, बोरू मागितला.
'म्हातारपणी'तली वेलांटी
मी ऱ्हस्व काढली होती.
ती त्यांनी दीर्घ केली,
फुंकर घालून वाळवली,
आणि पान होतं तिथे ठेवून
गठ्ठा बांधला.